येन पडला की बाबा खूश

निशी-कासाई, टोकियो
रविवार सकाळ, कपड्यांचं मशीन लावून

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे बाबा नीट जेवतील. जपानात नोटबंदी झालेली नाही. व्हायचं काही चिन्हही नाही. ही बातमी आणणाऱ्या वसंतकाकांना म्हणावं, दुपारी फोन उशाशी ठेवून झोपत जा, हातात नको.

बाबा, तुमच्याकडे रात्रीचे दहा म्हणजे आमच्याकडे दीड. फोन वाजला तसा निखिल अंथरुणातून उठून थेट पासपोर्टांचं कपाट उघडायला धावला. आणि तुमचं पहिलं वाक्य काय, तर "चिमे, माणूस बदलला गं!" माझ्या डोळ्यांसमोरून सगळे नातेवाईक वयाप्रमाणे सरकले. मग कळलं की बदललेला माणूस नोटेवरचा आहे.

तर ऐका. तुम्ही आधी घेतलेल्या दहा हजारांच्या नोटांवर आहेत ते फुकुझावा युकिची. गेल्या खेपेला मिळाल्या त्यांच्यावर शिबुसावा एइची. ३ जुलै २०२४ ला इथे नव्या नोटा आल्या, तेव्हापासून हा बदल. दोन्ही खऱ्या, दोन्ही चालतात. चालतात म्हणजे किती, तर १८८५ साली काढलेली एक येनची कागदी नोटसुद्धा कायद्याने आजही एक येनला चालते. उलट काही जुनाट तिकीट-यंत्रं अजून नव्या नोटेकडे बघतही नाहीत, त्यामुळे तुमचे फुकुझावा जपून ठेवा, कामाला येतील. नोटबंदीचा भोग इथल्या लोकांनीही भोगलेला आहे, पण तो १९४६ साली, लढाई हरल्यावर. जुन्या नोटा बँकेत भरा, खाती गोठवलेली, आणि कुटुंबप्रमुखाला महिन्याला फक्त ३०० येन काढायची मुभा.

तुमची धास्ती मला कळते, बाबा. बँकेत नोकरीला लागून दोन महिने होतायत तोच जानेवारी १९७८ उजाडला आणि मोरारजींनी हजाराच्या नोटा रद्द केल्या. निवृत्तीला दोन महिने उरले आणि ८ नोव्हेंबर आला. सत्काराच्या दिवशीसुद्धा तुम्ही शाल अंगावर घेऊन काउंटरवर बसला होतात, तो फोटो अजून आमच्या फ्रिजवर आहे. ज्याची नोकरी नोटबंदीत सुरू झाली आणि नोटबंदीतच संपली, त्याला नोटेवरचा चेहरा बदलला की घाम फुटणारच. पण आता पाणी प्या आणि पुढचं वाचा.

आईकडून कळलं की तुम्ही सध्या येन हप्त्याहप्त्याने घेताय. गुरुपुष्याला गुंजभर सोनं घ्यावं तसं. सकाळी पेपरात दर बघायचा, चार-दोन पैसे उतरला असला की पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा आणि तिकिटाच्या झेरॉक्स त्या निळ्या फायलीत घालून कोल्हापूरची एसटी पकडायची. ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट, तेव्हा प्रवास जवळजवळ फुकटच, हा तुमचा हिशोब. आई म्हणते, परत येताना प्रत्येक वेळी मिसळ होते. ती तिकिटात धरली आहे का?

आता तुमच्याच भाषेत सांगते. दहा हजार रुपयांत सतरा हजारांच्या आसपास येन येतात. शंभर येनमागे दहा पैसे वाचले तर एकूण वाचले सतरा रुपये. चलन बदलताना जीएसटी लागतो. रक्कम कितीही लहान असो, तो ४५ रुपयांच्या खाली येत नाही. म्हणजे सतरा वाचवायला पंचेचाळीस. एक लाखाचे येन एकदम घेतलेत तर कर १८० रुपये, तेच दहा-दहा हजारांनी घेतलेत तर ४५०. आणि एसटी, आणि मिसळ, आणि मिसळीनंतरचं ते ताक. बाबा, हेड कॅशियर तुम्ही होतात की मी?

एक मात्र बरं झालं, मंदाआत्याची गंमत तुम्ही कळवलीत. तिने पाटीवर ५८ वाचलं आणि एक येन ५८ रुपयांना समजून जपानची टूर रद्द केली! येनचा दर शंभराला सांगतात हे तिला कुणीच सांगितलं नाही? की सांगितलं, पण तुम्हाला ती बरोबर यायला नको होती? मी कुणाला बोलणार नाही.

थांबा, मशीन वाजलं.

आले. आज ऊन आहे, गॅलरीत दोरी लावलीय. आई, तू विचारत होतीस म्हणून, हो, इथेही सगळे कपडे बाहेर वाळत घालतात. आपल्यासारखेच.

आता जरा बोचणारं लिहिते, राग मानू नका. तुम्ही रोज सकाळी "येन पडला बरं का!" असा जो मेसेज टाकता, त्यापुढे हसरं तोंड असतं. तो आमच्याकडे निखिल वाचतो, नाश्त्याच्या वेळी. त्याचा पगार येनमध्ये होतो आणि बावधनच्या फ्लॅटचा हप्ता रुपयांत जातो. आम्ही २०१६ मध्ये आलो तेव्हा शंभर येनला ६५-६६ रुपये मिळत. तेव्हा दोन लाख येन पाठवले की एक लाख तीस हजार जमा व्हायचे. आज तेवढेच येन पाठवले तर एक लाख सोळा. मधे चौदा हजारांचा खड्डा, आणि तो भरायला पुढच्या महिन्यात आणखी येन. जावई इथे चहात बिस्किट बुडवून गप्प बसलेला असतो आणि सासरे तिकडून हसरी तोंडं पाठवतात. तुमची स्वस्ताई ती आमची पगारकपात आहे, बाबा. सहल तुमची व्हायलाच हवी, दर पडू दे, मी सुद्धा खूश आहे. फक्त ते हसरं तोंड आठवड्यातून एकदाच पाठवा.

आणि येन बाहेरून स्वस्त दिसतो म्हणून इथे सगळं स्वस्त आहे असं मुळीच नाही. तांदळाचं ऐका. २०२४ च्या वसंतात पाच किलोची पिशवी दोन हजारांच्या थोडी वर होती. २०२५ च्या मे महिन्यात तिचा सरासरी भाव ४,२०० च्या पुढे गेला. तुमच्या ५८ च्या दराने किलोला ४८० रुपयांच्या वर! तांदूळ! ज्या देशात सकाळ-संध्याकाळ भात, देवापुढे भात, भाताची दारू, तिथे बायका दुकानात पिशवी उचलून, किंमत वाचून, परत ठेवताना मी पाहिल्यात. सरकारने राखीव कोठारातला जुना तांदूळ बाहेर काढला, त्यासाठी लोक दुकानं उघडायच्या आधी रांगेत. एरवी इथे रांगा लागतात त्या नव्या फोनसाठी नाहीतर केकसाठी, तांदळाची रांग मी पहिल्यांदाच पाहिली.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी. त्याच महिन्यात इथले शेतीमंत्री एका सभेत म्हणाले की मी कधी तांदूळ विकत घेतलाच नाही, समर्थक इतका आणून देतात की घरात विकायला होईल. आठवड्यात मंत्रिपद गेलं. तुम्ही म्हणाल, एवढ्यावर? हो, एवढ्यावर.

आई, आता तू लगेच आजऱ्याचा घनसाळ बांधायला घेशील. घेऊ नकोस. तांदूळ, डाळी, बिया, ताजी पानं, फळं, जे काही कच्चं वनस्पतीचं आहे त्याला भारतातून निघताना सरकारी तपासणीचा दाखला लागतो. तो नसला तर विमानतळावर काढून घेतात. अतिशय नम्रपणे काढून घेतात, वाकून माफी मागून, पण घेतात. कढीपत्ता नाही, आंबा तर अजिबात नाही. हापूस रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायचा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाक. म्हैसूरच्या वेळचं माझ्या लक्षात आहे.

भडंग मात्र पोचलं. आणि भडंगातल्या नोटाही पोचल्या.

आई! बाबांनी हौसेने आणलेले येन तू भडंगाच्या पिशवीत घालून पाठवलेस? पार्सलातून अशी रोकड पाठवायची नसते, टपालाला ते चालत नाही. पिशवी फोडली तर शेंगदाणा, लसूण, मिरची आणि मधून हजाराच्या दोन नोटा बाहेर आल्या, ओवीला एक, ईशानला एक. खाऊचे पैसे खाऊतच! नोटेवर कितासातो शिबासाबुरो म्हणून डॉक्टर आहेत. बाबा, हा तोच माणूस, १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी एक. तोच प्लेग दोन वर्षांनी मुंबईत आणि मग पुण्यात आला, आणि रँडचं पुढे काय झालं ते तुम्ही आम्हाला दर गणपतीत सांगितलंय. तर त्या डॉक्टरांच्या गालाला तिखट आणि कपाळाला हळद लागलेली होती. तेल पार मिशीपर्यंत मुरलेलं.

ईशानने त्याची नोट त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. पैसे घेणाऱ्या यंत्राने ती आत घेतली, विचार केला आणि परत बाहेर सरकवली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. मग काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हातांनी घेतली, उजेडात धरली. तिच्या नाकपुड्या जराशा हलल्या. पण चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता तिने ती वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि सुट्टे मोजून दिले. नोट फाटली असती तरी तशी काळजी नव्हती. दोन तृतीयांश किंवा जास्त शिल्लक असली तर इथली मध्यवर्ती बँक पूर्ण पैसे देते, त्याहून कमी पण दोन पंचमांशापर्यंत असली तर निम्मे. मात्र लसणीच्या वासाचा तक्ता त्यांच्याकडे नाही.

ओवीने तिची नोट खर्च केली नाही. गणिताच्या पुस्तकात ठेवलीय. मधूनच पुस्तक उघडून वास घेते आणि म्हणते, "आजीचं घर." मी तिला रागावले, तेल लागेल पुस्तकाला म्हणून. मग ती झोपल्यावर मी पण घेतला.

असो. डाळ बघून येते.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भोकाची नाणी वाटायची तुझी कल्पना, आई, झकास आहे. आजीच्या देवघरातला तो भोकाचा पैसा आठवला. मंदाआत्याने वाटलेल्या सिंगापूरच्या कीचेनना यापेक्षा चोख उत्तर नाही. एक नाणं पाच येनचं, म्हणजे जेमतेम तीन रुपयांचं. पितळी, पिवळंधमक, मधे भोक. त्यावर इंग्रजी आकडाच नाही, पाच हे जपानीत लिहिलेलं, त्यामुळे किंमत कुणाला कळायची नाही. शोभेल. पण साठ नाणी जमवायची म्हणजे काय असतं ते तुला सांगते.

इथे रोज हातात चिल्लर येते. शंभर येनचं दुकान म्हणून नाव, पण वर दहा टक्के कर, म्हणजे द्यायचे एकशे दहा. खाण्याची वस्तू घरी नेली तर कर आठ टक्के, तीच दुकानातल्या खुर्चीवर बसून खाल्ली तर दहा. खुर्चीचे दोन टक्के! असल्या हिशोबातून एक येनची अॅल्युमिनियमची नाणी पावसासारखी पडतात. एकेक नाणं बरोबर एक ग्रॅमचं, अलगद ठेवलं तर पाण्यावर तरंगतं. ओवी-ईशानचा गल्ला त्यांनीच भरला होता. म्हटलं मुलांना बँकेची सवय लागू दे, तुमच्याच घरातली शिकवण. शनिवारी गेलो तर बँक बंद. सोमवारी मी अर्धी रजा काढून दोघांना घेऊन गेले. यंत्रातून नंबर घेतला, बसलो, बोलावलं, फॉर्म भरला. समोरच्या बाईंनी गल्ल्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि छापील तक्ता पुढे सरकवला. नाणी भरायची असतील तर मोजणीचं शुल्क पडतं. किती? गल्ल्यात होते त्यापेक्षा जास्त.

म्हणजे आपणच आपले पैसे बँकेत ठेवायचे आणि त्यासाठी ते सगळे बँकेला देऊन वर पदरचे घालायचे! ईशान मला विचारतो, मग हे पैसे आहेत की नाहीत? मी बाईंना विचारलं. त्यांनी मान वाकवली. इथे उत्तर नसलं की मान वाकवतात. बाबा, तुम्ही सुट्ट्या पैशांच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या बायकांना पंख्याखाली बसवायचात, पाणी द्यायचात, आणि शिपायाला बरोबर घेऊन मोजायचात. हे मी त्या बाईंना सांगायला हवं होतं, पण तेवढं जपानी मला येत नाही.

आणि हा त्रास एकट्या आमचाच नाही. देवळांतल्या दानपेट्यांत एक आणि पाच येनची नाणीच जास्त पडतात, त्यामुळे ही शुल्कं सुरू झाल्यावर पुजारीसुद्धा कपाळाला हात लावून बसले. दुकानात नेऊन ओतावीत, तर एका प्रकारची वीसपेक्षा जास्त नाणी नाकारायचा दुकानदाराला कायद्याने हक्क आहे. बँकेकडून मोड घ्यावी, तर तिथेही संख्या वाढली की पैसे पडतात. त्यामुळे तुझी साठ नाणी आम्ही उलट्या मार्गाने जमवतोय. निखिल दुकानात उभा राहून मनात बेरीज करतो आणि सुट्ट्यात नेमके पाच येन परत येतील अशा बेताने रक्कम पुढे करतो. काल एका टोफूसाठी त्याने इतका वेळ घेतला की मागचे आजोबा आधी घड्याळाकडे आणि मग त्याच्या हाताकडे बघून स्वतःच सल्ला द्यायला लागले. निम्मी नाणी जमलीत. उरलेली तुम्ही आलात की जमवू.

आणखी एक. कडी लावून घ्यायला सोनाराकडे जायचं म्हणतेस, तर सांगलीत जा हो, इथे नको. इथे नाण्याला इजा करणं, वितळवणं गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन लाख येनपर्यंत दंड. भोक सरकारनेच पाडून ठेवलंय ते बरं. नेण्याची मात्र चिंता नको. बाबा, तुम्हाला माहीत असेलच, परकी नाणी कितीही बाळगायला आपली रिझर्व्ह बँक परवानगी देते. नोटांचं तसं नाही. परत आल्यावर दोन हजार डॉलरच्या किमतीपेक्षा जास्त उरल्या तर वरच्या १८० दिवसांत विकायच्या. आणि नाणी तिकडचा चलनवाला परत घेत नाही, तेव्हा जी नेशील ती हळदीकुंकवातच खपव.

वेण्या घालायला ओवी येऊन बसलीय. एका हाताने लिहिते.

रोख किती आणायची, हा तुमचा खरा प्रश्न. नियमाने माणशी तीन हजार डॉलरच्या किमतीएवढी रोकड आणता येते, ते साडेचार लाख येनच्या वर होतात. एवढे घेऊन काय क्योतोचं देऊळ विकत घेणार आहात? दोघांत मिळून पन्नास हजार येन पुष्कळ झाले. बाकी कार्डात भरा. कार्डाने एटीएममधून येन काढता येतात, चोवीस तास चालणाऱ्या दुकानांतल्या यंत्रावर इंग्रजी असतं. कार्ड वापरताना कधीकधी यंत्र गोडीत विचारतं, रुपयांत घेऊ की येनमध्ये? येनमध्ये म्हणा. रुपये म्हटलंत की ते स्वतःच्या मनाचा दर लावतं, आणि तो तुम्हाला मिसळीसकट महाग पडेल. यूपीआयच्या भरवशावर निघू नका. रुपये आणूच नका, इथे त्यांना कोणी ओळख देत नाही.

सगळ्या नोटा दहा हजाराच्या आणल्यात तरी मोडायची भीती नाही. दीडशे येनच्या भातगोळ्याला दहा हजार पुढे केले तरी इथे "सुट्टे नाहीत का?" असं कोणी डाफरत नाही, आणि उरलेल्यांची चॉकलेटं देत नाही. बाबा, हे बघायला तुम्हाला खास नेणार आहे. पैसे हातात द्यायचे नाहीत, पुढे छोटा ट्रे असतो त्यात ठेवायचे. ती मुलगी नोट आपल्याला दिसेल अशी ठेवते, दहा हजार घेतले असं मोठ्याने म्हणते. मग परतीच्या नोटा पंख्यासारख्या पसरून आपल्या दिशेने फिरवते, एक, दोन, तीन, म्हणत आपल्यासमोर मोजते आणि त्या आधी देते. नोटा पाकिटात गेल्या की मगच पावती, आणि पावतीवर चिल्लर. स्पंज नाही, बोटाला थुंकी नाही. तुम्ही तिला नोकरी द्यायला निघाल.

मात्र रामेनच्या दुकानात दाराशी तिकिटाचं यंत्र असतं, त्यातली पुष्कळशी फक्त हजाराचीच नोट घेतात. आई तशीही तिथे खाणार नाही, बहुतेक रश्शांत मांस नाहीतर मासा. क्योतोच्या बसमध्येही उतरताना नेमके २३० येन टाकायचे, आणि मोड हवी असेल तर बसमधल्या यंत्रात हजाराचीच नोट. टोकियोत तुम्हाला मी ट्रेनचं कार्ड काढून देते, टेकवलं की दार उघडतं. वसंतकाकांच्या भाच्याने सात दिवसांचा तो रेल्वे पास २९,६५० ला घेतला होता, ते खरं, पण २०२३ च्या ऑक्टोबरपासून तो ५०,००० झालाय. क्योतोला जाऊन-येऊन साधं तिकीट तीस हजारांच्या आत बसतं. पास नको. आणि आम्ही इथे राहणारे, म्हणून आम्हाला तसाही तो मिळत नाही!

दोन हजारांची नोट बघायची तुमची इच्छा आहे. ती २००० साली निघाली, ओकिनावाच्या एका दरवाजाचं चित्र आहे, रद्द झालेली नाही, पण कुणी वापरत नाही. दोन हजारांच्या नोटेची पत्रिकाच दोन्ही देशांत खराब. मी कुठे मिळते का बघतेय.

बंडीचा चोरखिसा शिवू नकोस, आई. इथे पाकीट हरवलं तर पोलीसचौकीत मिळतं. आणून देणाऱ्याला कायद्याने पाच ते वीस टक्के मागता येतात. तीन महिन्यांत मालक आला नाही तर सगळं त्याचं. बाबा, म्हणून मुद्दाम हरवून बघू नका.

निहोनबाशीला इथल्या मध्यवर्ती बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. शेजारी बँकेची १८९६ ची दगडी इमारत. जिथे ती उभी आहे तिथे पूर्वी सोन्याची टांकसाळ होती. एक सकाळ बाबांना तिथे सोडून आपण दोघी चेरी बघायला जाऊ. ते संध्याकाळपर्यंत हलणार नाहीत.

नितीनचं मोडलं ते वाचून वाईट वाटलं, पण कुलकर्णी काकूंना तेव्हाच सांगितलं होतं. पिंट्याने शेवटी इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीच! आयर्विन पुलावर बंद पडली तर कुणाला बोलावणार आहे? पुढच्या खोलीला पिस्ता रंग देऊ नका, दवाखाना वाटेल. मांजरीची पिल्लं परत माळ्यावरच का? फोटोत तीनच दिसतात, चौथं?

पाच हजारांच्या नोटेवर एक बाई आहेत, त्सुदा उमेको. आई, तुला त्या आवडतील, त्यांनी १९०० साली मुलींसाठी कॉलेज काढलं. १८७१ मध्ये सरकारने ज्या मुली अमेरिकेला शिकायला पाठवल्या त्यांत ह्या सर्वांत लहान, अवघ्या सहा वर्षांच्या. परत आल्या १८८२ मध्ये. तोपर्यंत जपानी विसरल्या होत्या. आईशी बोलायला अडायचं. हे मी कुठेतरी वाचलं, आणि परवा भाजी घेऊन ती नोट देताना माझा हात उगीचच थांबला. ईशान हल्ली भांडण झालं की जपानीत भांडतो. मी मराठीत ओरडते, तो जपानीत उत्तर देतो, आणि त्यातलं मला अर्धं कळतं. तू आलीस की रोज दुपारी त्याला घेऊन बस. पाढे, गोष्टी, शिव्या, काहीही चालेल. तू वसंतकाकांना देतेस त्या सौम्य शिव्या.

पंधरा दिवसांचंच तिकीट काढलंत ते कुणाच्या सल्ल्याने? अक्षय्य तृतीयेच्या आत हळदीकुंकू करायचंय हे मान्य. पण गौरीला सांगून बघ ना, या वर्षी थोडी थांबेल का.

बाबा, गुडघ्याचा पट्टा आणा, स्टेशनात जिने फार. आईला चालायचे बूट घेऊन द्या, आणि त्याचे पैसे येनच्या हिशोबात धरू नका.

मुलांचा साष्टांग. वेणी झाली.

तुमची,
चिमी

ता. क. ती. बाबा, निखिल लिहितोय. चिमीने दिलेले सगळे आकडे मी तपासलेत, बरोबर आहेत. एक विनंती. तुम्ही रोज दर बघताच. शंभरला साठच्या वर गेला तर त्या दिवशी तुम्ही येन घेऊ नका आणि मला लगेच कळवा, म्हणजे मी बावधनचा हप्ता पाठवून मोकळा होतो. आणि पंचावन्नच्या खाली गेला तर तुम्ही खुशाल कोल्हापूरला जा, मिसळ खा, मला काही कळवू नका.